पेटी हलकी होती

१

सोमवारी सकाळी पास्टर लिंडक्विस्टांचा फोन आला तेव्हा मी कचेरीत कॉफीचं भांडं विसळत होतो.

"एमेट, लोरेनला घेऊन दफनभूमीत ये," ते म्हणाले. "कोणीतरी खणलंय."

त्यांच्या आवाजावरून कोणाचं थडगं ते मला कळलं. आमच्या ब्रुकहोल्ममध्ये मोठ्या माणसांची थडगी कोणी खणत नाही.

चार वर्षांपूर्वी एका तरुणाने आमच्या प्राथमिक शाळेत शिरून अकरा मुलं आणि दोन शिक्षिका गोळ्या घालून मारल्या. त्या सकाळी आत शिरलेल्या पहिल्या पोलिसांत लोरेन झेलिन्स्की होती. ती आमच्या शेरीफच्या कचेरीतली मुख्य तपास अधिकारी आणि मी तिच्या हाताखालचा डेप्युटी. त्या दिवसाबद्दल ती माझ्याशी कधी बोलली नाही, मीही विचारलं नाही.

प्रेतं पुरून वर्षही झालं नव्हतं, तेवढ्यात दुसरी धाड आली. यांच्या हातात बंदुका नव्हत्या, फोन होते. शाळेत काही घडलंच नाही, म्हणे. मुलं मेली नाहीत, आईबाप भाडोत्री नट आहेत, लोकांच्या बंदुका काढून घ्यायला सरकारने रचलेलं हे नाटक आहे. देशाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून माणसं फोन करायची आणि ज्या बाईने पोटची पोर पुरली तिला विचारायची, "किती पैसे मिळाले गं?"

दफनभूमीत गवतावर दव गोठलं होतं. त्या अकरांतल्या सात वर्षांच्या मारिटच्या घराला या लोकांनी सगळ्यात जास्त छळलं होतं; तिचा दगड मला दुरूनच दिसला. वर चिमणी कोरलेला, आणि जागच्या जागी. खड्डा होता तो मागच्या ओळीत, तिच्या आजीच्या, आर्लीन नूटसनच्या दगडाशेजारी. तिथे कोणाचाच दगड नव्हता, नुसती हिरवळ होती.

मी हायसं वाटून म्हणालो, "गाढवांनी जागा चुकवली, बाई. पोरीचं थडगं तिकडे आहे."

पास्टरांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"जागा चुकली नाही, एमेट," ते म्हणाले. "तो दगड खोटा आहे. मारिट इथे आहे."

२

तीन वर्षांपूर्वी त्या चिमणीच्या दगडावर कोणीतरी लाल रंगाने 'रिकामं' असं लिहून ठेवलं होतं. ते मला ठाऊक होतं, तो रंग खरवडायला मीही होतो. पुढचं मात्र मला ठाऊक नव्हतं. लेकीला कोणी उकरून काढेल या भीतीने आईबापांनी गाजावाजा न करता तिची पेटी हलवली. आजीशेजारची जागा आजोबांनी स्वतःसाठी घेऊन ठेवली होती, ती त्यांनी नातीला दिली. वर खूण ठेवली नाही.

"कोणाकोणाला माहीत होतं?" लोरेनने विचारलं.

"क्रिस्टा, म्हणजे आई. ब्रेंट, बाप. आजोबा ऑर्विल. मी. पेटी उचलायला मदत करणारा एक माणूस होता, तो गेल्या वर्षी वारला."

"आणि तुम्ही काल रात्री?"

"आयोवात. पुतणीचं लग्न होतं. आत्ताच गाडीतून उतरलोय, कोटसुद्धा काढला नाही." ते थोडे दुखावले, पण समजून घेतल्यासारखे म्हणाले, "विचारायलाच हवं तुला."

लोरेन खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसली आणि बराच वेळ उठली नाही. मीही बघितलं. माती एका बाजूला रचलेली होती. वरची हिरवळ चौकोनी लाद्यांसारखी कापून ताडपत्रीवर मांडली होती आणि तिच्यावर ओलं गोणपाट टाकलेलं होतं. आर्लीनच्या दगडापुढची फुलं उचलून, बरणीत पाणी घालून, बाजूला ठेवली होती. खड्ड्याच्या एका अंगाला मातीतच रुंद पायरी ठेवलेली होती. तळाशी पेटीच्या झाकणाचा कोपरा उघडा पडला होता आणि त्यावरची माती हाताने पुसून काढलेली होती. झाकणाला मात्र कोणी हात लावला नव्हता.

"हे कोणालाही सांगायचं नाही," लोरेन म्हणाली. "थडगं खणलं एवढंच सांगायचं. पेटी उघडली की नाही, यावर तोंड बंद."

एवढ्यात क्रिस्टा आली. वृद्धाश्रमात ती रात्रपाळीची नर्स होती, तिथल्याच कपड्यांत धावत आली होती. मी तिला अडवायला पुढे झालो, पण लोरेनने मानेनेच नको म्हटलं.

क्रिस्टा काठावर उभी राहिली. रडली नाही.

"उघडलं?"

"नाही."

"मग झाका तिला लवकर," ती म्हणाली. "किती थंडी पडलीये."

मी माझा कोट काढला आणि मग तो हातात घेऊन नुसताच उभा राहिलो.

थोड्या वेळाने तिला गाडीत बसवून लोरेनने विचारलं, "संशय कोणावर?"

"कर्टिस पॅगेट. दुसरं कोण?"

पॅगेट म्हणजे 'शाळेत काही घडलंच नाही' असे व्हिडिओ इंटरनेटवर टाकणारा. महिनाभर आमच्या हमरस्त्यावरच्या मोटेलमध्ये मुक्काम ठोकून होता. क्रिस्टाने त्याच्यापायी दोनदा घर बदललं होतं आणि दोन्ही वेळा तो नव्या दारात कॅमेरा घेऊन हजर.

"पण त्याला ही जागा कशी कळेल?" लोरेन म्हणाली.

"माझा पत्ता कसा कळतो?" क्रिस्टाने फोन काढला. "आणि हे कसं कळलं? परवाचा व्हिडिओ आहे."

पडद्यावर पॅगेट बोलत होता. शेजारी कुठल्याशा लांबच्या शाळेतल्या गाणाऱ्या मुलींचा फोटो, त्यातल्या दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीभोवती गोल. पॅगेट कॅमेऱ्यात बघून मायेने म्हणाला, "बटन, बाळा, घाबरू नकोस. आम्ही तुला शोधतोय."

"बटन म्हणजे?" मी विचारलं.

"लहानपणी तिने माझ्या बाबांच्या कोटाचं बटन गिळलं होतं," क्रिस्टा म्हणाली. "तेव्हापासून. शाळेत कोणाला माहीत नव्हतं, पास्टरांनासुद्धा नाही. आमच्या घराच्या चार भिंतींबाहेर हे नाव कधी गेलंच नाही."

३

पॅगेटने दार उघडलं ते हसत.

"या, या! सरकार स्वतः दारात!" चाळिशीचा, नीट दाढी केलेला, वागायला गोड माणूस. मला वाटलं होतं डोळे फिरलेला कोणी असेल. "चित्रीकरण केलं तर चालेल ना?"

"कर की," लोरेन म्हणाली. "काल रात्री कुठे होतास?"

"इथेच. रात्रभर थेट प्रक्षेपण चालू होतं. हजारो साक्षीदार आहेत माझे. तुम्हीही बघत जा, ज्ञानात भर पडेल."

"त्या बाईची पोर मेली, हे तुला माहीत आहे ना?"

"मी फक्त प्रश्न विचारतो. प्रश्न विचारणं गुन्हा आहे का? एक फोटो दाखवा, बाई. एक. पोरीचा मेलेला फोटो दाखवा, मी आजच्या आज गाव सोडतो."

माझी मूठ वळली होती. लोरेनने माझ्याकडे न बघताच तिचा पंजा माझ्या मनगटावर ठेवला. ती शांतपणे म्हणाली, "आता तर थडगंच खणलंय. तुला पुरावा मिळाला असेल."

"कसला मिळतोय!" पॅगेटने उसासा टाकला. "इतक्या जवळ जाऊन हात टेकले बिचाऱ्याने. झाकण उघडायला काळीज लागतं."

लोरेनने माझं मनगट सोडलं.

"झाकण उघडलं नाही, हे तुला कोणी सांगितलं?" लोरेन म्हणाली.

पॅगेटचं हसू तसंच राहिलं, पण त्याने हात लांब करून कॅमेरा बंद केला.

"अंदाज," तो म्हणाला. "आणि आता वकील आल्याशिवाय मी बोलणार नाही."

गाडीत बसल्यावर मी डॅशबोर्डवर हात आपटला. "त्यानेच केलं!"

"त्याने करवलं," लोरेन म्हणाली. "करणारा दुसरा आहे. पुरुष आहे, कारण पॅगेट 'बिचाऱ्याने' म्हणाला. त्याला खरी जागा ठाऊक आहे आणि 'बटन'ही ठाऊक आहे. पास्टर आयोवात होते आणि त्यांना ते नाव माहीत नाही. क्रिस्टा बाई आहे, आणि रात्रभर म्हाताऱ्यांच्या कुशी बदलत होती. मग उरलं कोण?"

आजोबा तर काठीवर चालणारे. उरला बाप.

४

ब्रेंट लाकडाच्या वखारीत काम करायचा. पोर गेल्यावर दीड-दोन वर्षांत त्याचा संसारही गेला. क्रिस्टाला पोरीबद्दल बोलायचं असायचं आणि याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. सहा फुटांवर उंची, दारासारखे खांदे. त्याच्या ट्रकच्या चाकांना आणि पायऱ्यांना ओली माती लागलेली मी आल्या आल्या बघितली.

"काल रात्री कुठे होतास, ब्रेंट?"

"ट्रकमध्ये."

"ट्रक कुठे होता?"

त्याने एक फळी उचलली. करवतीचा भुसा त्याच्या भुवयांवर साचला होता.

"ब्रेंट, मारिटचं थडगं कोणीतरी खणलंय."

हातातली फळी त्याने खाली ठेवली. फेकली नाही, काच ठेवावी तशी ठेवली. मग वळून वखारीच्या भिंतीला त्याने कपाळ टेकवलं.

"शाळेच्या जागेवर होतो," तो भिंतीलाच सांगत असल्यासारखा बोलला. "पाडली ना शाळा. आता नुसतं शेत आहे. पहिलीचा वर्ग कुठे होता ते मला बरोबर कळतं. तिथे ट्रक लावतो आणि बसतो. रविवारी नेहमी जातो. पाऊस झाला होता, ट्रक रुतला. काढता काढता पहाट झाली."

"कोणी बघितलं?"

"कोण बघणार?"

मी लोरेनकडे बघितलं. माझ्या मते प्रकरण संपलं होतं. चिखल होता, साक्षीदार नव्हता, आणि डोक्यावर परिणाम झालेला बाप होता.

लोरेनने विचारलं, "पॅगेटशी कधी बोललास?"

"एकदा. त्याने विचारलं, पोरीला बघितलं का डोळ्यांनी. मी त्याचा कॅमेरा फोडला." ब्रेंट वळला. "लोरेन, मी बघितलंय. ओळख पटवायला मी एकटाच आत गेलो होतो. क्रिस्टाला येऊ दिलं नाही. मला कशाला पेटी उघडून बघायला लागतंय? मी डोळे मिटले की..." पुढचं त्याने गिळलं.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "कीव येते मला त्याची, पण बेड्या तर घालायलाच हव्यात."

"तू त्याचे हात बघितलेस?" लोरेन म्हणाली. "या माणसाने मनावर घेतलं असतं तर तासाभरात पेटी वर काढली असती. तो खड्ड्यात पायरी कशाला ठेवील?"

"म्हणजे?"

"खणणाऱ्याने पहिल्यापासून एका अंगाला पायरी राखली. टेकायला, दम खायला, आणि वर यायला. आत उतरलो तर एका झेपेत बाहेर येता येणार नाही, हे त्याला आधीच माहीत होतं. हिरवळ त्याने लाद्या कापून ओल्या गोणपाटाखाली ठेवली. मुळं सुकू नयेत आणि परत लावल्यावर रुजावी म्हणून. आर्लीनच्या फुलांना पाणी घातलं. द्वेषाने खणणारा माणूस फुलांना पाणी घालतो का, एमेट?"

गाडीत बसेपर्यंत मला कळलं ती कोणाबद्दल बोलतेय.

"नको, बाई," मी म्हणालो. "ते नाही. त्यांचं हृदय उघडून शिवलेलं आहे. काठीशिवाय चालत नाहीत ते."

लोरेनने गाडी आधीच ऑर्विल नूटसनच्या घराकडे वळवली होती.

५

ऑर्विलकाकांनी जन्मभर गोल्फच्या मैदानाची हिरवळ सांभाळली होती. निवृत्त झाले तरी गावात कोणाचं अंगण पिवळं पडलं की त्यांनाच बोलावणं जायचं. शाळेत गोळीबार झाला तेव्हा ते मॅडिसनच्या हॉस्पिटलमध्ये होते. छाती चिरून शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टरांनी आणि क्रिस्टाने ठरवून त्यांना काही सांगितलं नाही. शुद्धीवर येऊन ते घरी परतेपर्यंत नातीची मूठमाती होऊन गेली होती.

"बसा, बसा. मघाशीच ॲपल पाय भाजलाय," ते म्हणाले. त्यांच्याकडे हा सफरचंदांचं सारण भरलेला गोड पदार्थ कायम असायचा आणि आलेल्या माणसाला तो खावाच लागायचा. "फोन आला होता क्रिस्टाचा. कोण करतं असली कामं? काय मिळतं यांना?"

त्यांनी कापाची बशी पुढे केली. तळव्यावर ताजे फोड होते. त्यांनी माझी नजर बघितली आणि हात एप्रनखाली नेला.

लोरेन कापाला हात लावत नव्हती. ती दाराकडे बघत होती. तिथे काकांच्या रबरी बुटांशेजारी हिवाळ्याचे जांभळे बूट ठेवले होते. लोकरीचं अस्तर, नवेकोरे, तळव्याला मातीचा कणही नाही. मुलीचे बूट, पण सात वर्षांच्या मुलीचे नव्हेत.

"ऑर्विल," लोरेन हळू आवाजात म्हणाली, "हे कोणासाठी?"

काकांनी काप करायची सुरी पुसली. पुन्हा पुसली.

"तिचा पाय एवढा झाला असेल आता," ते म्हणाले. "दर हिवाळ्याला एक माप वाढवून घेतो. अकरा वर्षांची पोर वाढते ना भराभर. आल्यावर थंडीत अनवाणी राहायला नको."

मी मान खाली घातली.

"कुठून आल्यावर, ऑर्विल?"

"जिथे ठेवलीये तिथून." आणि मग ते भडाभडा बोलायला लागले, इतकी वर्षं कोणी विचारायचीच वाट बघत असल्यासारखे. "मला कोणी काही दाखवलं नाही गं. झोपलो तेव्हा नात होती, उठलो तेव्हा दगड होता. विचारलं की सगळे म्हणायचे, पेटी बंद होती, बरं झालं तुम्ही बघितलं नाही. पुढे पेटी हलवली तेव्हा मी काठी टेकत गेलो होतो तिथे. दोन माणसांनी उचलली. नुसती अशी, हातातल्या हातात. पेटी हलकी होती, लोरेन! मी म्हटलं, आमची बटन एवढी हलकी? कडेवर घेतली की माझी पाठ मोडायची. घरी आलो आणि संगणक लावला. तिथे माणसं सांगत होती, मुलं जिवंत आहेत. मला शिव्या देणारं कोणी नव्हतं तिथे. प्रेमाने बोलायची सगळी. आजोबा म्हणायची."

"आणि पॅगेट?"

"तो म्हणाला, मदत करा. फोटो द्या, घरातलं नाव द्या, तिला हाक मारता येईल. क्रिस्टाचा पत्ता द्या म्हणाला, कारण पोरीला गुपचूप भेटायला आणतील, मी लक्ष ठेवीन. मी दिला. दोन्ही वेळा." त्यांचा आवाज बसला. "शेवटी म्हणाला, रिकामी पेटी जगाला दाखवा, म्हणजे सरकारला तिला परत द्यावीच लागेल."

"मग उघडली का नाही?"

"लाकडाला फावडं लागलं. मी माती पुसली. हात ठेवला वर." त्यांनी फोड आलेला तळवा टेबलावर उताणा ठेवला. "आणि भ्यालो गं. रिकामी नसली तर? मग मी काय करू? पहाटे पॅगेटला फोन केला, म्हटलं, जमत नाही मला."

मागे दार वाजलं. क्रिस्टा उभी होती. ती केव्हा आली, कुठून ऐकलं, देव जाणे. तिचा चेहरा बघून ऑर्विलकाका उठायला गेले आणि त्यांना उठता आलं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "माझ्या दारात ती माणसं तुम्ही आणलीत?"

६

मी पोलिसात वीस वर्षं आहे. माणसं ओरडताना मी पुष्कळ बघितली. क्रिस्टा ओरडली नाही, म्हणून ते जास्त लागलं.

"रात्री दिवा लावायची भीती वाटते मला. दूधवाला आला तरी मी टेबलाखाली बसते. मला वाटायचं, जगात एक माणूस तरी माझ्या बाजूला आहे. बाबा माझे."

"मी तिला परत आणत होतो, क्रिस्टा. तुझ्यासाठी."

"ती मेली, बाबा!"

"तू बघितलंस?" म्हातारा कळवळून म्हणाला. "सांग ना! तू स्वतः बघितलंस?"

क्रिस्टाचं तोंड उघडं राहिलं. तिनेही बघितलं नव्हतं. त्या एका क्षणी तिच्याही डोळ्यांत काहीतरी हललं. आशाच होती ती. ते मला बघवलं नाही.

लोरेन उठून बाहेर गेली आणि तिने फोन केला. ब्रेंट आला तो अंगावरच्या भुशासकट. बायकोच्या माहेरच्या स्वयंपाकघरात तो कित्येक महिन्यांत आला नव्हता. लोरेनने त्याला दारातच काय ते सांगितलं. तो चिडेल, म्हाताऱ्याच्या अंगावर जाईल म्हणून मी सावध उभा होतो. ब्रेंटने खुर्ची ओढली, सासऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ घेतली आणि बसला.

"विचारा," तो म्हणाला.

"तू तिचं तोंड बघितलंस?"

"नाही."

म्हातारा ताठ झाला. "बघ! बघ, मी म्हणत होतो."

"त्यांनी नको म्हटलं. तिथला माणूस म्हणाला, बापाने हे डोक्यात घेऊन जगू नये. चादर वर होती. त्याने मला पाय दाखवले." ब्रेंटने कपाळावरचा भुसा पुसला. "मोजे वेगवेगळे होते. एक हिरवा, एक बदकांचा. त्या सकाळी हट्ट करून घातले होते तिने. मी ते काढले. डाव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब. तुमच्यासारखं, ऑर्विल. घोट्यावर सायकलवरून पडल्याची खपली. आठवतं? तुम्हीच मलम लावलं होतं, आदल्या आठवड्यात, हॉस्पिटलला जायच्या आधी."

म्हाताऱ्याने स्वतःच्या डाव्या पावलाकडे बघितलं.

"मी पाऊल हातात धरलं. तळव्याला शाईचं फूल काढलेलं होतं. बसल्या बसल्या काढायची ना ती, पेन मिळालं की. ते मी कोणाला सांगितलं नाही. क्रिस्टालाही नाही. सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं."

"थंड होतं?" ऑर्विलकाकांनी विचारलं.

"हो."

"फार?"

"हो, ऑर्विल. फार थंड होतं. मी खूप वेळ चोळलं."

क्रिस्टा भिंतीला धरून हळूहळू खाली बसली. ब्रेंटने तिच्याकडे बघितलं नाही, पण हात मागे केला, आणि तिने तो धरला. म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याच्या छातीतून जो आवाज आला, तो चार वर्षांपूर्वी त्या हॉस्पिटलमध्ये यायला हवा होता.

लोरेन मला दंडाला धरून अंगणात घेऊन गेली. तिथे तिने सिगारेट काढली आणि पेटवायची विसरली. "एक फोटो दाखवा म्हणतो," ती म्हणाली. शाळेचा विषय तिने माझ्यासमोर काढला तो तेवढाच.

७

क्रिस्टाने बापाविरुद्ध तक्रार केली नाही. पास्टरांनी त्याच दुपारी प्रार्थना म्हटली आणि आम्ही माती लोटली. पॅगेटवर खटला भरायची लोरेनने फार खटपट केली. सरकारी वकील म्हणाले, त्याने फावड्याला हात लावलेला नाही, आणि म्हातारा साक्षीला उभा राहिला तर पहिला तोच अडकेल. पॅगेटने मोटेल सोडलं. आठवड्याभरात त्याचा नवा व्हिडिओ आला: ऑर्विल नूटसन नावाचा कोणी आजोबा नाहीच, तोही सरकारचा नट.

क्रिस्टा बापाशी तीन महिने बोलली नाही. मग जानेवारीत एक दिवस ती जेवण घेऊन गेली. मी तिथेच होतो, काकांच्या दारासमोरचा बर्फ उपसायला आलो होतो आणि नेहमीप्रमाणे ॲपल पाय खायला बसवला गेलो होतो. क्रिस्टा भांड्यांचा आवाज करत होती.

फोन वाजला. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन मोठ्यानेच बोलायचा.

"आजोबा?" बाईचा आवाज होता, दक्षिणेकडचा, मायाळू. "पॅगेट काही म्हणोत, माझा तुमच्यावर विश्वास आहे. आम्हाला नवा फोटो मिळालाय. या वेळी नक्की तीच आहे. डोळे बघाल तर रडाल. तिचं घर कुठे आहे तेही कळलंय. तुम्ही फक्त हो म्हणा, आम्ही उद्या जातो तिच्या दारात."

क्रिस्टाच्या हातातली ताटली तिथेच थांबली. मी फोन हिसकावून घ्यायला उठलो. ऑर्विलकाकांनी हाताने मला बसवलं.

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "हसतेय का ती फोटोत?"

"हो, आजोबा! अगदी खळखळून!"

"बरं आहे," ते म्हणाले. "कोणाची तरी आहे ती. हसू दे तिला. तिच्या दारात जाऊ नका, बाई, हात जोडतो. माझी नात मेली."

त्यांनी फोन ठेवला. क्रिस्टाने ताटली ओट्यावर ठेवली, हात पुसले आणि त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून घेतली.